कलावंत गेल्यावर त्यांची घरं कुणी चालवली?

पंचगंगाकाठ
जुना नट, गायक किंवा तमासगीर गेला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात गाजलेली भूमिका येते, पुरस्कार येतात आणि शेवटच्या ओळीत 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, नातवंडे असा परिवार आहे' एवढं येतं. त्या परिवारानं पुढचे दिवस कसे काढले, हे शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. मला मात्र या माणसांच्या आयुष्यातला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे कितीतरी मोठे कलावंत घडले ते घरातला कर्ता माणूस अवेळी गेला आणि लहान मूल कमावायला उभं राहिलं म्हणून.

मी कोल्हापूरचा, म्हणून आमच्या गावापासून सुरुवात करतो. दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. वय ४१. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर काढलेली बलवंत संगीत मंडळी एके काळी जोरात होती. पुढे बोलपटाच्या धंद्यात पैसा अडकला, कंपनी बसली आणि दीनानाथ गेले तेव्हा घरात कमावतं कुणी नव्हतं. थोरली लता साडेबारा वर्षांची, धाकटा हृदयनाथ साडेचार. त्या वेळी मदतीला आले नट-दिग्दर्शक मास्टर विनायक. त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये लताला काम मिळालं. पुढे विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ती पगारी नोकर झाली. हे कुटुंब काही काळ कोल्हापुरात राहिलं आणि १९४५ साली कंपनी मुंबईला गेली तेव्हा तीही गेली.

मुंबईला गेल्यावर दोनच वर्षांत, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, मास्टर विनायक गेले. त्यांचं वयही ४१. मागे लहान मुलं, आणि त्यातली नंदा आठ वर्षांची. ज्यानं दुसऱ्याच्या मुलीला आधार दिला, त्याच्याच मुलीवर पाच वर्षांनी तीच वेळ आली. नंदा 'बेबी नंदा' म्हणून कामं करू लागली. विनायकांचे मावसभाऊ व्ही. शांताराम यांच्या राजकमलनं तिला १९५६ साली 'तूफान और दिया'मध्ये घेतलं, तेव्हा कुठे तिला मोठी भूमिका मिळाली. दुसरीकडे विनायक गेल्यामुळे लताबाईंची नोकरी गेली आणि त्या पूर्णपणे पार्श्वगायनाकडे वळल्या.

या सगळ्यामागची नाती बघा. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे सख्खे भाऊ. मास्टर विनायक आणि छायालेखक वासुदेव कर्नाटकी हे त्यांचे आईकडून भाऊ, म्हणून आडनाव वेगळं. शांताराम मावसभाऊ. मराठी बोलपटाचा पाया घालणारी ही माणसं एकाच गोतातली होती. त्यामुळे एखाद्या घरावर संकट आलं की मदत बँकेतून किंवा सरकारकडून येत नसे, ती भावाच्या स्टुडिओतून येत असे. ज्यांना असा भाऊ नव्हता, त्यांचं काय झालं?

तुम्हाला नीट ठाऊक असलेल्या घरांबद्दल लिहा. ऐकीव प्रेमप्रकरणं आणि इस्टेटीचे वाद इथे नकोत. (कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ पुढे लताबाईंच्या मालकीचा झाला आणि त्यावरून गावात बरंच रणकंदन झालं. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

तापीकाठची
फार चांगला विषय घेतलात. खानदेशाकडून एक भर घालते.

लताबाईंच्या आई, माई मंगेशकर, आमच्याकडच्या थाळनेरच्या. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं जुनं गाव. माईंचे वडील हरिदास रामदास लाड हे तिथले गुजराती व्यापारी. दीनानाथांचं पहिलं लग्न लाडांच्या थोरल्या मुलीशी, नर्मदेशी, झालं. ती लवकर गेली. मग धाकटी शेवंती त्या घरात आली, त्या माई. आजोळी कानावर पडलेले गुजराती गरबे लताबाईंना शेवटपर्यंत पाठ होते. मंगेशकरांचा उल्लेख आला की मंगेशी, सांगली, कोल्हापूर, पुणे असा प्रवास सांगतात आणि थाळनेर गाळून टाकतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. एकेचाळीस वर्षांचा नवरा गेला, पाच मुलं पदरात, आणि त्या बाईनं घर मोडू दिलं नाही. मुलगी कमावत होती हे खरं, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला स्टुडिओत पाठवून तिच्यामागे घर धरून ठेवणं याची नोंद कुठल्या श्रेयनामावलीत होते?

याच तालुक्यातलं दुसरं घर स्मिता पाटील यांचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील राजकारणात आणि सहकारात, आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यातल्या. स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, वय ३१. बाळ १५ दिवसांचं होतं. प्रतीकला वाढवलं ते आजी-आजोबांनी. इथे घराची गाडी उलट्या दिशेनं चालली: मुलीच्या मागे तिच्या आईनं पुन्हा एकदा संसार मांडला. प्रतीकनं अलीकडे आपल्या नावापुढे आईचं पूर्ण नाव लावलं, ते वाचून मला फार बरं वाटलं.

चौकटीबाहेर
+१. धागा जपून ठेवतोय.
एक प्रश्न: दीनानाथांचे भागीदार कृष्णराव कोल्हापुरे आणि अभिनेत्री पद्मिनी कोल्हापुरे यांचं काही नातं आहे का?

केरीचा वारा
गोव्यातून लिहितो. दीनानाथांचं नाव निघालंच आहे, तर त्यांच्या आईचं नावही इथे लिहून ठेवतो: येसूबाई. मंगेशीच्या देवळाशी बांधलेल्या कलावंत कुळातल्या, स्वतः उत्तम गाणाऱ्या. दीनानाथांचे वडील गणेशभट हे त्याच देवळातले अभिषेकी. मुलाला वडिलांचं आडनाव मिळालं नाही. त्यानं गावाचं, देवाचं नाव घेतलं आणि मंगेशकर झाला. आज ते नाव जगात पोचलं आहे, पण ते घ्यावं का लागलं हे सांगताना अजूनही लोक आवाज खाली करतात. मला हे पटत नाही. येसूबाईंचं गाणं त्या मुलाच्या गळ्यात उतरलं होतं.

गोव्याच्या कलावंतिणींच्या घरांत 'कर्ता गेला, आता काय' हा प्रश्न वेगळ्या रूपात येई, कारण कर्ती आधीपासून बाईच असे. घर आईच्या नावावर चाले, कला आईकडून मुलीकडे जाई. मोगूबाई कुर्डीकर १५ जुलै १९०४ रोजी कुर्डीला जन्मल्या. त्यांना गाणं यावं म्हणून त्यांच्या आईनं, जयश्रीबाईंनी, त्यांना दहाएक वर्षांच्या वयात नाटक मंडळीत घातलं, आणि १९१४ साली ती आई गेली. आईविना पोर आधी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत, मग सातारकर स्त्री संगीत मंडळीत. नाटक सुटलं, सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांनी तिचा रियाज ऐकला आणि शिकवायला घेतलं, आणि तिथून पुढे त्या गानतपस्विनी झाल्या. मधे पती गेले तेव्हा त्यांच्या पदरी तीन मुलं होती आणि थोरली किशोरी, म्हणजे पुढच्या गायिका किशोरी आमोणकर, साताठ वर्षांची.

किशोरीताईंच्या कडकपणाबद्दल लोक खूप बोलतात. मैफलीत कुणी बोललं की त्या थांबत, आयोजकांना धारेवर धरत. त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलं आहे की लहानपणी आईबरोबर तंबोऱ्याला जाताना त्यांनी आईला मिळणारी वागणूक पाहिली: कुठेतरी कुणाच्या घरी उतरवायचं, मानधन तुटपुंजं, जेवणखाण कसंबसं. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. घर माहीत असलं की हा स्वभाव समजतो. घर माहीत नसलं की 'तऱ्हेवाईक' म्हणून मोकळं होता येतं.

(कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. पाणी उतरतं त्या दिवसांत, मे महिन्यात, जुनी घरं आणि देवळं वर येतात आणि गावची माणसं तिथे गोळा होतात.)

साधा प्रेक्षक
लेखन चांगलं आहे, पण मला एक गोष्ट खटकते. माणूस गेलाय, तो उत्तर द्यायला येणार नाही. त्याची आई कोण, वडिलांनी नाव दिलं की नाही, घरात पैसा होता की नाही, हे उकरून आपण काय मिळवतो? बालगंधर्व म्हटलं की गाणं ऐकावं. त्यांच्या घरात शिरण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि जातीचा विषय निघाला की चर्चा कुठे जाते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पंचगंगाकाठ
@साधा प्रेक्षक, तुमची शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

मी स्वतःपुरती एक रेघ आखली आहे. जे त्या कलावंतानं स्वतः लिहिलं किंवा जाहीरपणे सांगितलं, आणि ज्यामुळे त्याचं काम अधिक समजतं, तेवढं बोलावं. बालगंधर्वांचंच घ्या. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. त्यांनी भामिनी उभी केली. ही त्यांच्या घरातली गोष्ट आहे, पण ती वगळून त्यांच्या कलेवरच्या निष्ठेबद्दल बोलता येईल का? आणि हे सांगताना मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही आठवतात. नवरा रंगमंचावर होता, त्या संध्याकाळी मूल गेलेल्या घरात ती बाई बसली होती. तिच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या तर तो उकरेपणा कसा ठरेल?

जातीबद्दल: लपवून ठेवली की ती कुजबुजीत राहते. केरीचा वारा यांनी लिहिलं तसं सरळ, मान राखून लिहिलं की कुजबुजीला जागा उरत नाही.

उंबरठा
मी साधा प्रेक्षक यांच्याशी निम्मी सहमत आहे. मेलेल्या नट्यांबद्दल जे चालतं ते बघवत नाही. नटांची व्यसनं रंगेलपणा ठरतात आणि नट्यांची अधोगती. पण म्हणूनच ज्यांनी स्वतः सांगितलं आहे त्यांचं ऐकायला हवं.

हंसा वाडकर. मूळ नाव रतन साळगावकर, घराणं सावंतवाडीकडचं, कलावंतिणींचं. घरात पैशाची गरज म्हणून ही मुलगी वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी सिनेमात आली. नाव बदललं, आडनाव बदललं. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात विजयानंदला शंभरावर आठवडे चालला. त्याच नावानं तिचं आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपानं आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. पुढच्याच वर्षी ती गेली. त्या पुस्तकात तिनं स्वतःला कुठेही सोडलेलं नाही. मला त्यातली सर्वांत जड गोष्ट वाटते ती ही की जिच्या कमाईवर घर चाललं, त्याच घरात तिला घर मिळालं नाही. शाम बेनेगलांनी यावरून 'भूमिका' केला आणि हंसाबाईंची भूमिका केली स्मिता पाटीलनं. वर तापीकाठच्या ताईंनी जिच्याबद्दल लिहिलं तीच. दोघींची घरं किती वेगळी: एकीच्या घरानं तिला कमाईला पाठवलं, दुसरीच्या घरानं तिला हवं ते करू दिलं.

दुसरं टोक दुर्गा खोटे. माहेरच्या लाड, वडील सॉलिसिटर, शिक्षण सेंट झेवियर्सला, सासर गिरगावातलं मोठं नाव. त्या सासरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून त्या सिनेमात आल्या, १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या, आणि तरुण वयातच दोन मुलांसह विधवा झाल्या. 'चांगल्या घरातली बाई सिनेमात आली' हे त्यांच्याबद्दल इतकं सांगितलं जातं की त्यांना पैशाची निकड होती हे मागे पडतं. त्यांचे दीर नंदू खोटे रंगभूमी आणि मूकपटांतले नट. शुभा खोटे आणि विजू खोटे ही नंदूंची मुलं. 'शोले'तला कालिया सगळ्यांना ठाऊक, पण तो दुर्गाबाईंचा पुतण्या हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

साधा प्रेक्षक
पंचगंगाकाठ, तुमची रेघ मला मान्य आहे. जे स्वतः सांगितलं तेवढं. फक्त ती रेघ धागा वाढला तरी टिकावी ही विनंती.

कनातीमागे
मी जुन्नर तालुक्यातला. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं सुपारी ठरवायला येतात, हे लहानपणापासून पाहत आलो. तेव्हा तमाशाबद्दल मीच लिहितो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. हे पूर्ण नाव लिहायचं, कारण त्या स्वतः तेच लावत. जन्म १९३५, पंढरपूर. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावानं तो 'भाऊ-बापू' म्हणून गाजला. विठाबाईंना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला.

त्यांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नऊ महिने भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मधेच कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. शेवटी प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट लोक शौर्याची म्हणून सांगतात. शौर्य आहेच. पण मला त्यात फडाचा हिशोब दिसतो. फडमालक हंगामाआधी उचल घेतो, त्यातून कलाकारांना उचल देतो. खेळ मोडला तर सुपारी बुडते, आणि त्या सुपारीवर ढोलकीवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांची चूल असते. मुख्य बाई नाचली नाही तर खेळ नाही. अशा बाईला बाळंतपणाची सुट्टी कोण देणार? त्यांच्या जागी उभं राहील असं त्या रात्री कुणी नव्हतं, म्हणून त्या पुन्हा बाहेर आल्या.

१५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा औषधोपचारालाही पैसे पुरत नव्हते. पुढे २००६ पासून राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार हवाच. हातीपायी धड होत्या तेव्हा पेन्शन नीट मिळाली असती तर अधिक बरं झालं असतं, हे मी स्पष्ट लिहितो.

त्यांच्या मागे मुलींनी फड चालवला. मंगला बनसोडे यांचा फड आजही लोकांना माहीत आहे आणि त्यांचा मुलगा नितीनकुमार त्यात उभा राहतो. नारायण खुड्यांपासून मोजलं तर ही पाचवी पिढी होते.

दुसरं घर कांताबाई सातारकरांचं. पती तुकाराम खेडकर हे मोठे फडमालक आणि तितकेच मोठे नट. ते १९६४ साली गेले आणि कांताबाईंना त्या फडातून बाहेर पडावं लागलं. हातात काही नाही, पदरात लहान मुलं. दुसऱ्याच्या फडात राबून त्यांनी पुन्हा स्वतःचा फड काढला, आणि नाव दिलं ते नवऱ्याचं आणि आपलं मिळून. मुलगा रघुवीर खेडकर त्यात सोंगाड्या म्हणून मोठा झाला. २०२१च्या मे महिन्यात कांताबाई संगमनेरला गेल्या. पंचगंगाकाठ यांनी विचारलं होतं ना, ज्यांना स्टुडिओवाला भाऊ नव्हता त्यांचं काय झालं? त्यांचं हे झालं.

तापीकाठची
कनातीमागे, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सुपारीचा हिशोब असा कुणी मांडलेला मी वाचला नव्हता.

नांदी
केशवराव भोसल्यांचं नाव अजून कसं आलं नाही? कोल्हापूरचा धागा आहे!

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, कारण घरात खायची भ्रांत. 'शारदा'च्या भूमिकेनं कोवळ्या वयात नाव झालं. १९०८च्या पहिल्या दिवशी हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा वय जेमतेम साडेसतरा. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय ३१.

आता या धाग्याचा प्रश्न: पुढे काय? कंपनी रक्ताच्या वारसाकडे न जाता शिष्याकडे गेली. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली आणि नव्या विषयांची नाटकं आणून वाढवली. ते १९३७ साली गेले तेव्हा त्यांचा मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा होता. कंपनी बंद. त्या मुलानं १९४२ साली ती पुन्हा उभी केली आणि पुढे दशकानुदशकं चालवली. २०१५ साली ते गेले. नाटकांच्या ध्वनिफिती जपून ठेवण्याचं जे काम भालचंद्र पेंढारकरांनी केलं, त्यामुळे कितीतरी गेलेल्या नटांचे आवाज आज ऐकता येतात.

घोटाळा होऊ नये म्हणून: हे भालचंद्र वेगळे, वरच्या लेखातले भालजी पेंढारकर वेगळे. दोघांची नावं सारखी असल्यानं इंटरनेटवर एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर सर्रास दिसतो.

पंचगंगाकाठ
@नांदी, केशवराव मी मुद्दाम राखून ठेवले होते, पण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. एवढीच भर: शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, ज्याला पुढे केशवरावांचं नाव दिलं, ते ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेजवळ जमलेल्या गर्दीत म्हातारी माणसं रडताना आम्ही पाहिली. गावाला ते आपल्या घरातलंच कुणी वाटतं, इतकंच सांगतो.

लालबागचा
गिरणगावातल्या घरांबद्दल थोडक्यात.

भगवानदादा पालव: वडील गिरणी कामगार, स्वतःही मजुरी केली. १९५१च्या 'अलबेला'नं बंगला आणि गाड्या दिल्या, पुढच्या चित्रपटांनी सगळं नेलं. दादरच्या चाळीत परतले आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी तिथेच गेले. विठाबाईंच्या नंतर अवघ्या २० दिवसांनी. गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्या गाण्यावर त्यांच्याच पायांची नक्कल करत नाचणारी पोरं त्यांनी चाळीतून पाहिली असणार.

दादा कोंडके: नायगावच्या चाळीत जन्म, घरची माणसं गिरणीत, मूळ गाव भोरकडचं. बँडपथक, सेवा दल, 'विच्छा माझी पुरी करा', मग १९७१ साली 'सोंगाड्या'. १४ मार्च १९९८ रोजी गेले.

लक्ष्मीकांत बेर्डे: गिरगावातलं साधं घर, लहानपणी लॉटरीची तिकिटं विकली, साहित्य संघात नोकरी केली. १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वय ५०. मुलं लहान. प्रिया बेर्डे यांनी काम करत ती वाढवली. मुलगा अभिनय २०१७ साली पडद्यावर आला तेव्हा थिएटरात लोकांनी टाळ्या कुणासाठी वाजवल्या हे सांगायला नको.

उंबरठा
एक घराणं राहून जायला नको: समर्थांचं. शोभना समर्थ, माहेरच्या सरोज शिलोत्री. वडील बँकर, आई रतनबाई यांनीही सिनेमात काम केलं होतं. नलिनी जयवंत त्यांची मामेबहीण. 'रामराज्य'मधली सीता म्हणून कॅलेंडरवर शोभनाबाईंचा चेहरा घरोघरी लागला. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर त्यांनी मुलींसाठी स्वतः चित्रपट काढले: १९५०चा 'हमारी बेटी' नूतनसाठी, १९६०चा 'छबिली' तनुजासाठी. वारसा म्हटलं की आपण बाप-लेकाचा विचार करतो, इथे तो रतनबाईंपासून काजोलपर्यंत बायकांनीच चालवला. नूतन २१ फेब्रुवारी १९९१ रोजी गेली, वय ५४. आई मागे राहिली आणि नऊ वर्षांनी, २००० साली गेली.

आई आणि नूतन यांच्यात पैशांवरून बरीच वर्षं दुरावा होता आणि पुढे तो मिटला. त्याहून जास्त लिहीत नाही, रेघ पाळते.

चौकटीबाहेर
सगळं वाचलं. माझा कोल्हापुऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला :)

केरीचा वारा
@चौकटीबाहेर, आहे नातं. पद्मिनी कोल्हापुरे कृष्णरावांची नात. तिचे वडील पंढरीनाथ कोल्हापुरे हे गायक आणि वीणावादक. पंढरीनाथांची आई दीनानाथांची सावत्र बहीण, म्हणजे पंढरीनाथ आणि लताबाई ही आते-मामेभावंडं, आणि पद्मिनी लताबाईंची भाची. बलवंत मंडळीत जे भागीदार होते ते एकमेकांचे सोयरेही होते. कंपनी १९३०च्या दशकात बसली, सोयरीक राहिली. पद्मिनी लहानपणी आपल्या बहिणीबरोबर चित्रपटांतल्या कोरसमध्ये गायची, तिथून ती आली.

नंदाबद्दलही एक राहिलं. २५ मार्च २०१४ रोजी ती गेली तेव्हाच्या बातम्यांत 'छोटी बहन' होता, 'जब जब फूल खिले' होता. आठव्या वर्षी बाप गेल्यावर भावंडांसाठी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली पोर बहुतेक ठिकाणी नव्हती. ती या धाग्यात आली, हे बरं झालं. मास्टर विनायकांचा मुलगा जयप्रकाश कर्नाटकी यांनीही पुढे चित्रपट केले, आणि नर्तिका जयश्री टी. त्यांच्या पत्नी. कोल्हापूरकरांकडे त्या घराबद्दल आणखी असेल तर लिहावं.

पंचगंगाकाठ
आहे. बाबूराव पेंढारकर आणि विनायक यांनी १९३६ साली पांडुरंग नाईकांबरोबर काढलेल्या हंस पिक्चर्सबद्दल आणि त्यातल्या 'ब्रह्मचारी'च्या मीनाक्षी शिरोडकरांबद्दल स्वतंत्र धागा काढतो. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती. तिथेही हीच रेघ.